प्रेक्षक म्हणजे देणगीदार नव्हे

नवा मराठी चित्रपट लागला की शुक्रवारी संध्याकाळी वाद पेटतो आणि पुढच्या शुक्रवारी तो अर्धवट टाकून आपण दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो. कुणीतरी लिहितं, मला चित्रपट आवडला नाही. लगेच दुसरा विचारतो, आपल्याच भाषेच्या चित्रपटाला नावं ठेवायची एवढी हौस का? तिसरा म्हणतो, तुम्ही एक करून दाखवा, मग बोला. चौथा मध्ये पडतो, ज्याची त्याची आवड असं म्हणतो आणि विषय मिटवतो. मालिकांबाबतही हेच चालतं, फक्त रोज रात्री. या चौघांत चौथा सगळ्यांत समजूतदार वाटतो, पण माझ्या मते चर्चेचं सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. साध्या प्रेक्षकाने आपलं मत पहिल्या दिवसापासून, कारणांसह आणि उघडपणे सांगणं ही मराठी चित्रपटाची आणि मालिकांची आजची मोठी गरज आहे. ते मत प्रतिकूल असलं तरी ही गरज तेवढीच आहे. भाषेच्या नावाने ते दाबणं जितकं चूक, तितकंच खासगी आवड म्हणून गुंडाळून ठेवणंही चूक.

‘पाठिंबा द्या’ म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, हे आधी मान्य करते. मराठी चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नसतो. त्याला मिळणारे खेळ थोडे, तेही बहुतेकदा अशा वेळी की नोकरदार माणसाने जावं कसं? त्याच आठवड्यात मोठा हिंदी किंवा दक्षिणेतला डब केलेला चित्रपट आला तर संध्याकाळचे पडदे तिकडे जातात. शनिवार-रविवार गर्दी झाली नाही तर सोमवारी उरलेले खेळही जातात. घर गहाण टाकून चित्रपट काढणारे निर्माते ही दंतकथा नाही. अशा चित्रपटाबद्दल शुक्रवारी दुपारी कुणीतरी ‘टाकाऊ’ असा एक शब्द फेकून जातो, तेव्हा वर्ष-दोन वर्षं राबलेल्या माणसांना काय वाटत असेल, हे मला कळतं.

म्हणूनच राज्य सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी मोक्याच्या वेळेचे खेळ द्यायला लावले, ते मला योग्य वाटलं. तेव्हा त्यावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं आणि शेवटी ‘मोक्याची वेळ’ दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी पसरट झाली, पण मूळ मागणी रास्त होती. त्याआधी १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळेना, तेव्हा शिवसेनेने हस्तक्षेप करून ती मिळवून दिली, हा किस्सा आपल्याकडे आजही सांगितला जातो. पण या दोन्ही वेळा सक्ती कुणावर झाली? पडदा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर. कोहिनूरचं दार उघडल्यावर आतल्या खुर्च्या भरल्या त्या माणसांना दादा आवडले म्हणून. आणि दादांवर टीका काय कमी झाली? द्व्यर्थी संवादांवरून सुशिक्षित मध्यमवर्गाने त्यांना अश्लील म्हणून झोडपलं. तरीही त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. टीकेने चित्रपट मरतो असं म्हणणाऱ्यांनी या माणसाच्या कारकिर्दीचं काय करायचं ते सांगावं.

निष्ठेखातर चित्रपट बघायला लावण्याची कल्पना तर आपल्याकडे इंग्रजांच्या काळातच येऊन गेली. १९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादुर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. हिंदुस्थानात अमेरिकी चित्रपटांचा बोलबाला होता आणि त्यांच्याऐवजी साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांना झुकतं माप द्यावं का, हा समितीपुढचा एक प्रमुख प्रश्न होता. समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि १९२८ च्या अहवालात साम्राज्याच्या चित्रपटांना असं झुकतं माप द्यायला नकार दिला. इथल्या चित्रपटांना मात्र पैसा, सोयी आणि पडदे मिळावेत याकडे तिचा कल होता. मला तिची ही विभागणी आजही मोलाची वाटते. निर्मात्याला भांडवल द्या, चित्रपटगृहाला नियम लावा, करात सवलत द्या, हे सगळं राज्याचं काम आहे. तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला काय वाटावं, हे मात्र ब्रिटिश साम्राज्यालाही ठरवता आलं नाही. मग ते आपण भाषेच्या नावाने ठरवायला का निघालो आहोत?

प्रेक्षक देतो तेव्हा भरभरून देतो, फक्त त्याला आधी काहीतरी मिळालेलं असावं लागतं. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते १९५४ मध्ये. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला मिळायला २००४ साल उजाडलं आणि ‘श्वास’ आला. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रसिद्धीला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी वर्गणी काढली. ती कुणी भाषेचं कर्तव्य म्हणून मागितली असती तर किती जमली असती? डोळ्यांची शस्त्रक्रिया होण्याआधी नातवाला शेवटचं जग दाखवायला रुग्णालयातून घेऊन निघालेला तो आजोबा लोकांच्या मनात घर करून बसला होता. आधी आपलेपणा वाटला, मग खिशात हात गेला. आज आपण हा क्रम उलटा करू पाहतो. आधी पैसे द्या, टाळ्या वाजवा, मग आपोआप चांगले चित्रपट निघतील असं सांगतो. कशाच्या आधारावर? खोट्या कौतुकाचा तोटा आणखी एक आहे. तीन सुमार चित्रपटांना ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारा’ म्हणून झालं की चौथा खरोखर चांगला येतो तेव्हा त्याच्यासाठी शब्दच उरत नाही. चार वेळा फसलेला प्रेक्षक पाचव्यांदा घरीच बसतो, आणि आपण मात्र ‘मराठी माणूस मराठी चित्रपट बघत नाही’ म्हणून लेख लिहितो.

‘करून दाखवा’वाल्यांना उत्तर द्यायला मला लांब जावंसं वाटत नाही. संगीत नाटकांना रात्र-रात्र बसणारे प्रेक्षक काय गायक होते? बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या माणसाला स्वतःला एक तानही घेता येत नसेल, पण कुठे परत मागायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे त्याला बरोबर कळत होतं. त्या ‘वन्स मोअर’ला किंमत होती, कारण न मिळण्याची शक्यताही तेवढीच खरी होती. आणि ज्यांनी करून दाखवलं त्यांनी तरी इतरांच्या कामावर बोलताना हात आखडता घेतला का? ‘श्यामची आई’ काढणारे आचार्य अत्रे स्वतः अशा लेखणीचे धनी होते की तिने कुणाचीही भीड ठेवली नाही. चित्रपट काढणं आणि चित्रपटावर फटकळपणे लिहिणं ही त्यांच्यात एकाच माणसाची दोन कामं होती.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. आज मत म्हणून जे दिसतं ते सगळं मत नसतं. पैसे घेऊन लिहिलेली स्तुती असते, पैसे न दिल्यामुळे केलेली बदनामी असते, एखाद्या नटाच्या चाहत्यांनी दुसऱ्याच्या चित्रपटावर टाकलेली धाड असते. चित्रपट न बघताच, जाहिरातीतली चार दृश्यं पाहून जात, धर्म आणि इतिहासावरून पेटलेली भांडणं असतात. हे सगळं खरं आहे आणि त्याने नुकसान होतं हेही खरं. पण न बघता विरोध करणारे आजच जन्माला आले का? ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं आणि नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. त्यातल्या तरुण कलावंतांनी बाहेर पडून ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते परदेशी निघालं तेव्हा पुन्हा विरोध झाला. नाटक टिकलं ते कुणी लोकांना गप्प केलं म्हणून नाही. बघून आलेली माणसं न बघितलेल्यांशी वर्षानुवर्षं भांडली. काहींनी बघूनही ते इतिहासावर अन्याय करणारं ठरवलं आणि तसं लिहिलं. ‘मला हे पटत नाही’ म्हणणं आणि ‘हे बंद करा’ म्हणणं यांतली रेघ आपण पक्की धरायला हवी. विकत घेतलेल्या मतांवरही उतारा एकच आहे. तिकीट काढून गेलेल्या माणसांनी जास्त बोलायचं. ती बोलायची थांबली तर विकत घेतलेलीच मतं तेवढी उरतील.

पण नुसतं बोलून भागत नाही, आणि इथे मला त्या चौथ्या माणसाशी, ‘ज्याची त्याची आवड’शी, खरं भांडायचं आहे. आवड ज्याची त्याची असते हे मान्य. मला एखादा चेहरा आवडत नाही, तुम्हाला एखादी चाल आवडते, यावर वाद कसला घालणार? पण चित्रपट बघून आपण जे बोलतो त्यातलं फार थोडं या प्रकारचं असतं. ‘सैराट’ घ्या. २०१६ मध्ये तो लागला तेव्हा गाण्यांवर लोक खुर्चीवर उभे राहून नाचले, आणि बाहेर पडताना अनेकांनी म्हटलं, मध्यंतरापर्यंत जबरदस्त, पुढे रेंगाळला. ही आवड झाली का? नाही, हे चित्रपटाच्या रचनेबद्दलचं विधान आहे, आणि माझ्या मते ते चूक आहे. हैदराबादमधला तो रेंगाळलेला भागच मला चित्रपटाचा गाभा वाटतो. बुलेट चालवणारी, भर वर्गात धमकावणारी आर्ची तिथे बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, परशा डोशाच्या गाडीवर राबतो, खोलीत घाण वास येतो, संशय येतो, मारहाण होते. पाटलाच्या वाड्यातून मिळालेला तिचा रुबाब एकेका दिवसाने गळतो आणि त्या जागी स्वतः कमावलेलं काहीतरी उभं राहतं. हे घाईत दाखवता आलं असतं का? आणि हा संसार मांडायला चित्रपटाने वेळ घेतला नसता तर शेवटी आवाज बंद होतो, लहान मुलाची पावलं रक्तातून उमटत जातात, तेव्हा आपल्या पोटात जो गोळा येतो तो आला असता का? आता यावर तुम्ही म्हणू शकता की वेळ घेणं निराळं आणि सैल होणं निराळं, आणि अमुक एक प्रसंग कापायला हवा होता. मग आपण त्या प्रसंगावर बोलू. मी कदाचित तो प्रसंग पुन्हा बघेन आणि तुमचं ऐकेन. ‘ज्याची त्याची आवड’ म्हटलं की हे सगळं बोलणंच संपतं.

‘कोर्ट’बद्दलही तसंच. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो भारतातर्फे ऑस्करला गेला, आणि ज्यांनी पुरस्काराच्या ओढीने तो पाहिला त्यांतले कित्येक कंटाळून बाहेर आले. त्यांना ‘तुम्हाला कळलं नाही’ म्हणून झिडकारणारे लोक मला आवडत नाहीत. कंटाळा ही खरी भावना आहे आणि तो का आला ते शोधता येतं. मॅनहोलमधल्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं कारणीभूत, असा तो खटला. आपण निकालाची वाट बघत बसतो आणि चित्रपट आपल्याला सरकारी वकील बाईंच्या घरी नेतो. स्वयंपाक, मुलं, मग सगळं कुटुंब एका नाटकाला, आणि त्या नाटकात परप्रांतीयांवर टाळ्या घेणारे संवाद. त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवणारी ती माणसं वाईट नाहीत, आपल्या शेजारची आहेत. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक विझतात आणि कॅमेरा अंधारात तसाच उभा राहतो. चित्रपट संपला असं वाटत असताना न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, डुलकी मोडली म्हणून एका पोराच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. माझ्यासाठी तो निकालच होता. तुम्हाला मात्र वाटू शकतं की दिवे विझले तिथेच थांबायला हवं होतं, थोबाडीत मारणं जरा जास्त बोलकं झालं. हे म्हणणाऱ्याशी मी रात्रभर बोलायला तयार आहे, कारण त्याने चित्रपट बघितला आहे.

आणि कारणं द्यायची जबाबदारी चित्रपट न आवडलेल्यांपुरती नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, गटागटाने गेल्या, मावश्या-आत्या-वहिन्या अशा आख्ख्या रांगा भरल्या. मला चित्रपट असमान वाटला. सहा बहिणींची दुखणी उघडी करताना तो धीट आहे, ती मिटवताना मात्र घाई करतो. मंगळागौरीच्या स्पर्धेत सगळ्यांचं एकदम भलं होतं, ते मला पटलं नाही. हे मी बोलून दाखवलं तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी सांगितलं की त्या उत्तरार्धासाठीच त्यांनी तो दुसऱ्यांदा पाहिला. इतकी वर्षं पडद्यावर आपल्या वयाच्या बाईचं काही भलं झालेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं, मग ते पटण्यासारखं आहे की नाही हे बघायला त्या कशाला बसतील? माझा आक्षेप त्याने पुसला गेला नाही, पण तो अपुरा आहे हे कळलं. प्रौढ बाईच्या सुखाची भूक एवढी मोठी आहे, हे त्या वेळच्या परीक्षणांपेक्षा काकूंच्या दोन वाक्यांनी मला जास्त सांगितलं. तिथे ‘तुमची आवड, काकू’ म्हणून मी विषय सोडला असता तर?

मालिकांच्या बाबतीत प्रेक्षकाचं तोंडी किंवा लिखित मत तर आणखी गरजेचं आहे, कारण तिथे त्याच्या वतीने एक आकडा बोलतो. देशात वीस कोटींहून जास्त घरांत टीव्ही आहे, त्यातल्या पन्नास-साठ हजार घरांत मापनयंत्रं बसवलेली आहेत आणि त्यावर ठरतं की महाराष्ट्राला काय आवडतं. कोणती वाहिनी किती वेळ चालू होती हे त्या यंत्राला कळतं. समोर बसलेली बाई हळहळत होती की करवादत होती, की भाजी निवडता निवडता नुसता आवाज ऐकत होती, हे त्याला कळायचा मार्गच नाही. मग ‘लोकांना हेच हवं’ असं म्हणत ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग चालते. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये नायिकेचं गरोदरपण इतकं लांबतं की गावोगाव त्याच्यावर विनोद होतात. ते विनोद हीच खरी परीक्षणं होती. बघणारी माणसंच सांगत होती की आम्ही अजून बघतो आहोत, पण तुम्ही आमचा अंत पाहता आहात. दुसऱ्या बाजूला ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये काही महिन्यांत आटोपली, ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५ मध्ये सुरू होऊन वर्षाच्या आत संपली, आणि या दोन्हींबद्दल लोक आजही जिव्हाळ्याने बोलतात. गोष्ट संपली की थांबावं, हे प्रेक्षकाला कळतं आणि त्याला ते हवंही असतं. ते सांगायला त्याच्याकडे त्याच्या मताशिवाय दुसरं काय आहे?

या वादात हमखास येणारं एक वाक्य म्हणजे ‘मल्याळी लोक बघा, आपल्या चित्रपटाला कसे जपतात’. मल्याळी प्रेक्षकाइतका निष्ठुर प्रेक्षक देशात क्वचितच असेल. तिरुवनंतपुरममध्ये दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६५ मध्ये ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटी काढली, तिथून पुढे गावोगाव चित्रपट बघण्याची आणि त्यावर हमरीतुमरीवर येऊन बोलण्याची सवय लागली. परीक्षणांनी चित्रपट बुडतात म्हणून न्यायालयात दाद मागण्याची वेळ २०२३ मध्ये केरळच्याच चित्रपटवाल्यांवर आली. प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण लिहू नये, अशी सूचना त्या प्रकरणात न्यायालयाच्या मदतनीस वकिलाने केली. आणि त्याच सुमाराला, २०२४ च्या फेब्रुवारीत, ‘प्रेमलू’ आणि ‘मंजुम्मेल बॉईज’ हे मल्याळी चित्रपट लागले आणि चालले. दुसरा तर तमिळनाडूत मल्याळममध्येच चालला. तिथल्या प्रेक्षकाला कुणी भाषेची शपथ घातली होती? आपल्याकडेही पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे, बघण्याची आणि बोलण्याची मोठी परंपरा आहे. ती सभासदांपुरती राहिली आणि बाकीच्यांच्या हातात पाच तारे तेवढे आले.

केरळपाठोपाठ तमिळ निर्मात्यांनीही २०२४ च्या अखेरीस मद्रास उच्च न्यायालयात पहिल्या तीन दिवसांच्या परीक्षणांवर बंदी मागितली. न्यायालयाने तसा तातडीचा मनाई हुकूम दिला नाही. आपल्याकडे अशी याचिका नाही, पण ‘निदान पहिला आठवडा तरी बोलू नका’ ही विनवणी प्रत्येक चित्रपटामागे असते, आणि ती करणाऱ्यांत मला आवडणारी, प्रामाणिक माणसंही आहेत. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे. तुमच्याकडे मोठा नट नाही, रस्त्यावर फलक नाहीत, सोमवारी खेळ जाणार हे तुम्हाला माहीत आहे. त्या तीन दिवसांत तुमच्या चित्रपटासाठी बोलणारं प्रेक्षकाशिवाय आहे कोण? त्याला गप्प बसवाल तर ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा आहे त्याचाच आवाज शुक्रवार ते रविवार घुमत राहील. चौथ्या दिवशी प्रेक्षकाला तोंड उघडायची मुभा मिळेल, तोवर लातूरला, सांगलीला, चंद्रपूरला तुमचा चित्रपट पडद्यावरून उतरलेला असेल.